मदत हवी: पोकरमध्ये माझी रेज 'कॉल' धरली, ही फसवणूक नाही का?

तापीकाठ
गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पोकरला बसलो होतो. हातात दोन राजे. पुढच्याने ६०० लावले, मी रेज म्हणून, म्हणजे रक्कम वाढवायला, ५,०००ची चिप टाकली. डीलर म्हणे कॉल, म्हणजे पुढच्याइतकेच ६००, आणि ४,४०० माझ्याकडे सरकवले. मी ते पुन्हा पुढे ढकलायला गेलो तर त्याने हात आडवा घातला. मग मागचे तिघं स्वस्तात आत आले, त्यातल्या एकाने आठ-नऊवर सिक्वेन्स लावला. माझे सगळे गेले. तक्रार कुठे करायची? शनिवारी परत जातोय, लवकर सांगा.

केळीपट्टा_रावेर
चिप टाकताना तोंडाने काही बोललात का?

तापीकाठ
बोलायचं काय त्यात? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही ओट्यावर पत्त्यांना बसतो तेव्हा नोट पडली की चाल झाली.

केळीपट्टा_रावेर
तिथेच घोटाळा झाला. न बोलता एकच मोठी चिप टाकली की ती कॉल, उरलेले परत. आधी 'रेज' म्हणायचं किंवा आकडा सांगायचा, मग हात. नंतर पुन्हा ढकलणं म्हणजे स्ट्रिंग बेट. थोडे टाकून लोकांची तोंडं बघायची आणि मग वाढवायचे, हे कुठेच चालत नाही. डीलर बरोबर होता.

शेवभाजी
नवख्याला सांगायला नको का? कॅसिनोवाल्यांना काय, तुमचे गेले की त्यांचे आले.

केळीपट्टा_रावेर
नाही हो. रुलेटला कॅसिनो तुमच्याविरुद्ध असतो, पोकरला नाही. तिथे तुम्ही एकमेकांचे पैसे घेता, ते पॉटमधून, म्हणजे जमलेल्या पैशातून, रेक म्हणून आपला वाटा कापून घेतात. कोण जिंकतो याच्याशी त्यांना घेणं नाही.

शेवभाजी
म्हणजे रोज रात्री नक्की जिंकणारा एकच, रेकवाला. मग मी काय वेगळं बोललो?

धुळ्याचा_पाहुणा
मी दोनदा बसलोय. आधी तो आवाजच खटकतो. आपल्याकडे पत्ते म्हणजे आरडाओरडा, इथे आठ-नऊ जण गप्प, नुसता चिपांचा खुळखुळाट. शेजारचे काका दोन गड्ड्या एकात एक सरकवत होते, न बघता, तासभर. मी पानं उचलून छातीशी धरली तर डीलर म्हणाला, टेबलावरच ठेवा, नुसता कोपरा उचलून बघा. आणि पानांवर एक चिप ठेवत जा, नाहीतर पॅक समजून गोळा करतात. माझी एकदा गेलीत, इस्पिकचा एक्का होता त्यात.

हिशेबी
राजांची जोडी कुठल्यातरी एका रँडम हाताविरुद्ध १००त साधारण ८२ वेळा जिंकते, चौघांविरुद्ध जेमतेम निम्म्या वेळा. म्हणून तर रेज करून गर्दी कमी करायची. नियम माहीत असता तर बहुधा तो आठ-नऊवाला आलाच नसता. आणि सिक्वेन्स रमीत, इथे स्ट्रेट म्हणतात. टेबल कितीचं होतं?

तापीकाठ
१००-२००. नावं काय करायचीत, पैसे गेले ना. मोबाईलवर तर बटण दाबलं की रेज व्हायची!

चोपडेकर
मोबाईलवर पैसे लावून? २०२५च्या कायद्याने ते बंद झालंय. सांभाळून. शिवाय कॅसिनोत २१च्या खाली आत घेत नाहीत.

तापीकाठ
मी ३४चा आहे. मोबाईलवर फुकटच्या चिपांवरच खेळायचो.

आखाजीवाला
भाऊ, कसाले गयथा तठे? गावमा खेय ना, पैसा निदान गावमाच ऱ्हातस.

शेवभाजी
+१. आखाजीला हरलं तरी घरी सांजोरी मिळते.

केळीपट्टा_रावेर
शनिवारी जाणारच असाल तर पहिला अर्धा तास पानं टाकत बसा, नुसतं बघा. आणि 'रेज' तोंडातून गेलं की मागे घेता येत नाही, तेही लक्षात असू द्या.

तापीकाठ
बरं, तक्रार नाही करत. भुसावळहून गोवा एक्स्प्रेसचं वेटिंग ३८ आहे, कन्फर्म होईल का?