मकास्सरहून एका दिवसात लेआंग-लेआंगची गुहाचित्रे: काय पाहावे, काय वगळावे?

मीनल_पुणे:
येत्या ऑगस्टमध्ये यजमानांच्या कामानिमित्त इंडोनेशियात सुलावेसी बेटावरील मकास्सर येथे जाणे होत आहे. तेथे एक पूर्ण दिवस मोकळा मिळेल आणि तो मारोसच्या चुनखडीच्या डोंगरांतील गुहाचित्रांसाठी द्यावा, असे माझ्या फार मनात आहे. लेआंग-लेआंग, रम्मांग-रम्मांगची नावेची फेरी आणि बांटिमुरुंगचा धबधबा ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात होतील का? 2024 मध्ये ज्या चित्राचे वय किमान 51,200 वर्षे असल्याचे जाहीर झाले, ते सामान्य प्रवाशाला पाहता येते का? सोबत सासूबाई आहेत. त्या हौसेने फिरतात, परंतु गुडघेदुखीमुळे उंच पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सुहास_जकार्ता:
मीनलताई, तिन्ही ठिकाणे नकाशावर जवळजवळ दिसतात आणि गाडीवाला "सगळे होईल" असेच सांगेल, पण तसे केल्यास दिवसभर गाडीत चढणे-उतरणेच घडेल आणि ज्यासाठी जायचे त्या चित्रांना जेमतेम अर्धा तास उरेल. माझे स्पष्ट मत असे, की सकाळ लेआंग-लेआंगला द्यावी, दुपारनंतर रम्मांग-रम्मांग करावे आणि बांटिमुरुंग वगळावे. इंग्रज निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस 1857 मध्ये मारोस परिसरात राहून तेथे फुलपाखरे गोळा करीत होता, म्हणून त्या जागेला मोठे नाव आहे, हे खरे; मात्र आता तेथे सहलीची गर्दी असते आणि आपला उद्देश वेगळा आहे.

लेआंग-लेआंगच्या आवारात भातखाचरांच्या कडेने काळे, झिजलेले कातळ उभे आहेत आणि त्यांच्यामागे सरळ भिंतीसारखा डोंगर चढतो. येथील दोन गुहा प्रमुख आहेत. पेट्टाए ही डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे सासूबाईंना ती सहज पाहता येईल. हातांच्या काही खुणा आणि झेपावणारा बाबिरुसा, म्हणजे वर वळलेल्या सुळ्यांचा तेथील रानडुक्कर, तिच्यात आहे. पेट्टा केरे मात्र कड्यात वर आहे आणि लोखंडी जिन्याने चढावे लागते. ती चढण सासूबाईंनी टाळावी, खाली सावलीत बसावे. गुहेला जाळीचे दार असते, म्हणून आवारात शिरताच राखणदाराला गाठून दार उघडण्याची विनंती करावी.

51,200 वर्षांचे चित्र लेआंग काराम्पुआंग या गुहेत आहे आणि ती प्रवाशांच्या नेहमीच्या फेरीत येत नाही. 45,500 वर्षांपूर्वीच्या रानडुकराच्या चित्राची लेआंग तेडोंगंगे ही गुहा तर चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे आणि तेथे कोरड्या दिवसांतच पोहोचता येते. शिकारीचे प्रसिद्ध चित्र असलेली बुलू सिपोंग एका सिमेंट कारखान्याच्या हद्दीत आहे. या तिन्हींची आशा एका दिवसाच्या बेतात धरू नये.

कातळवेडा:
सुहासरावांच्या बेतात थोडी भर घालतो, कारण काय पाहत आहोत हे आधी ठाऊक असले तर पेट्टाएसारखी लहान गुहाही तासभर धरून ठेवते. हाताची खूण म्हणजे रंगात बुडवून उमटवलेला पंजा नव्हे. तळहात खडकावर टेकवून त्याभोवती गेरूचे पाणी तोंडाने फवारलेले असते, त्यामुळे हाताची जागा कोरी राहते आणि भोवती तांबूस वलय उमटते. वलयाच्या कडा जवळून पाहा: बोटांपाशी रंग दाट आहे आणि बाहेर जाताना तो बारीक ठिपक्यांत विरळ होत जातो. मारोसच्या काही गुहांत बोटांची टोके मुद्दाम निमुळती केलेली आढळतात, आणि ही लकब सुलावेसीची खास मानली जाते.

वयाविषयी सांगायचे तर गेरू हे खनिज असल्यामुळे त्याचे वय कार्बनच्या पद्धतीने काढता येत नाही. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्याने चित्रावर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतील खनिजाचे, बारीक, लाहीसारखे फुगवटे तयार होतात, आणि त्या पाण्यात किंचित युरेनियम असते. युरेनियमपासून ठरावीक गतीने थोरियम तयार होते, पण थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून फुगवट्यात सापडणारे थोरियम तेथेच तयार झालेले असते आणि त्यावरून त्या थराचे वय मिळते. थराखालचे चित्र त्याहून जुने असलेच पाहिजे, म्हणून प्रत्येक आकड्याच्या आधी "किमान" हा शब्द येतो. 2014 मध्ये लेआंग टिम्पुसेंगमधील हाताच्या खुणेचे किमान वय 39,900 वर्षे ठरले, तेव्हा चित्रकलेचा उगम युरोपात झाला या समजुतीला मोठा धक्का बसला. पेट्टाएतील खुणा तर 1950 पासून अभ्यासकांना माहीत होत्या, परंतु उष्ण, दमट हवेत चित्रे इतकी टिकणारच नाहीत असे गृहीत धरून त्या बऱ्याच अलीकडच्या मानल्या गेल्या. ही गोष्ट मला फार खटकते.

मीनल_पुणे:
आपणा दोघांचे मनापासून आभार. छायाचित्रे काढण्यास हरकत नसेल ना? आणि रम्मांग-रम्मांगला नावेत चढणे-उतरणे सासूबाईंना जमेल का?

वृंदा_सिंगापूर:
छायाचित्रे काढा, परंतु फ्लॅश बंद ठेवा आणि भिंतीला बोटही लावू नका. लहान मुले सोबत असतील तर त्यांचा हात धरून ठेवा. या चित्रांचा पृष्ठभाग आधीच पापुद्र्यांनी सुटत आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाऊस आणि कोरडेपणा यांच्या तीव्र चढउतारामुळे खडकात क्षारांचे स्फटिक वाढतात आणि चित्राचा थर आतून ढकलून पाडतात. हजारो वर्षे टिकलेले चित्र आपल्या डोळ्यांदेखत निखळत आहे, याचे अतिशय वाईट वाटते, आणि म्हणूनच जे जातील त्यांनी आवाज, गर्दी आणि स्पर्श या तिन्ही बाबतींत संयम पाळावा असे मी आग्रहाने सांगते.

रम्मांग-रम्मांगची नाव अरुंद आणि हलकी असते, चढताना ती डुलते. नावाड्याला आधी सांगितल्यास तो धक्क्याला घट्ट धरून ठेवतो आणि हात देतो. पुटे नदीतून निपा पामच्या दाटीतून बेरुआ या वस्तीपर्यंत जाता येते; तेथे उतरून भातखाचरांच्या कडेला बसले तरी सासूबाईंची फेरी सार्थकी लागेल, पुढच्या गुहांपर्यंत त्यांना चालवू नका. नावेचे भाडे माणशी नसून नावेमागे असते, ते निघण्यापूर्वीच ठरवावे. ऑगस्ट कोरडा असल्याने वाट निसरडी नसेल, पण दुपारचे ऊन कड्यांवरून परावर्तित होऊन फार भाजते, तेव्हा टोप्या आणि भरपूर पाणी सोबत असू द्या. शाकाहारी असाल तर वाटेवर भरवशाचे जेवण मिळेलच असे नाही, त्यामुळे डबा मकास्सरहूनच न्यावा.