दापोलीची गाडी, पुन्हा उंदीर (तातडीचं)

मंडळी,
परवा पहाटे निघतोय म्हणून घाईत लिहितो. आईने काल बॉनेटचा फोटो पाठवला. बॅटरीच्या कडेला पेंढ्याचं घरटं, त्यात सुपारीची सालं, आणि एक वायर पार तांब्यापर्यंत सोललेली. वहिनींनी सांगितलेली जाळी एअर फिल्टरच्या तोंडाला बसवली होती, तिथे तो शिरला नाही. पण खालून सगळं मोकळं. प्रश्न एकच: रात्री बॉनेट उघडं ठेवायचं की बंद?
बापू, डेट्रॉइट

बापू, उघडंच ठेव. त्याला ऊब आणि आडोसा हवा असतो. आम्ही इथे हिवाळाभर गॅरेजमध्ये बॉनेट उघडं ठेवून वर दिवा लावतो.
माई, टोरांटो

माई, टोरांटोचा हिशेब दापोलीला लागू नाही. तिकडे गारठा पहाटेपुरता. उंदीर येतो तो भातकापणीनंतर शेतं रिकामी झाल्यावर. आमच्या गुहागरच्या घरी पेंढ्याची उडवी (रचलेला ढीग) पडवीला टेकून होती आणि गाडी तिला लागून. मी स्वतः उडवी परसात हलवली, तेव्हा त्रास कमी झाला. आणि उघडं बॉनेट पडवीत ठीक, खळ्यात, म्हणजे उघड्या अंगणात, नाही. पहाटेचं दव थेट वायरींवर पडतं.
अण्णा, एडिसन

जाळीबद्दल. डासांची नायलॉनची जाळी तो एका रात्रीत कुरतडतो. लोखंडी, गॅल्वनाइज्ड हवी, आणि भोक ६ मिलिमीटरपेक्षा लहान. त्याहून मोठ्यातून पिल्लू आरामात जातं. हे सगळं मंडळाच्या फाइलमध्ये मी लिहून ठेवलंय, तेव्हा कृपया नवी यादी सुरू करू नका.
वहिनी

आमच्या वाडीत सगळे विषाच्या वड्या ठेवतात. चार दिवसांत काम होतं.
काका, लंडन

काका, विष नको हो! विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. आमच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) गव्हाणी घुबडाचं जोडपं राहायचं. शेजारी वड्या पडल्या त्या वर्षी एक पाखरू खाली मरून पडलेलं मी या हातांनी उचललं. मांजर, कुत्रं यांचंही तेच. धामण दिसली तर तिलाही मारू देऊ नका.
बापू, दुसरं महत्त्वाचं: आईला घरट्याला हात लावू देऊ नकोस. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, कोकणात हे सांगायला नको. रबरी हातमोजे, आधी ब्लीचचं पाणी शिंपडून ओलं करायचं, मग उचलायचं. कोरडं झाडायचं नाही.
ताई, दुबई

ताईंशी सहमत. माझा चुलत भाऊ बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतो. वास आहे तोवर चालतं, मग पुन्हा तेच.
अण्णा

सगळ्यांचे आभार. ठरलं: पडवीत, बॉनेट उघडं, वर बल्ब. उडवी लांब हलवायला गड्याला सांगितलं. बॅटरीची उणे तार सोडून ठेवतो, म्हणजे उघड्या वायरीने शॉर्ट नको व्हायला. गाडी चालू करण्याआधी आई बॉनेटमध्ये टॉर्च मारून बघेल; पेंढा तापलेल्या सायलेन्सरला लागला तर पेटतो.
अण्णा, तुम्हीही २० तारखेला मुंबईत आहात ना? गुहागरची जाळी उरली असेल तर दीड हात पुरेल. दादरला येऊन घेतो.
बापू