मदत हवी आहे: ५० मिनिटांच्या एका तासात माहिती साक्षरता बसत नाही, प्राध्यापकांकडे नेमकं काय मागावं?

पानखूण (धागाकर्ता)

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा जीवशास्त्राचा विषय आहे. ६० विद्यार्थी, १५ आठवड्यांचं सत्र. दहाव्या आठवड्यात १५०० शब्दांचा आढावा-निबंध द्यायचा असतो आणि त्यात अट एकच, 'किमान ८ संदर्भ'. माहिती साक्षरतेसाठी, म्हणजे माहिती शोधणं, पारखणं आणि नीट वापरणं शिकवायला, ग्रंथालयाला तिसऱ्या आठवड्यात ५० मिनिटांचा एक तास मिळतो. त्यात कॅटलॉग, डेटाबेस, संदर्भशैली आणि वाङ्मयचौर्य हे सगळं उरकावं लागतं.

निबंधांत दिसतं ते असं: संदर्भ बहुतेक गूगलच्या पहिल्या पानावरचे, काही नुसता सारांश वाचून दिलेले, आणि हल्ली एखाददुसरा चॅटबॉटने रचलेला, म्हणजे तसा लेखच कुठे नाही. विषयाच्या मॅडमना हे खटकतं, त्यांची मदतीची तयारीही आहे. पण जादा तास मिळणार नाही, अभ्यासक्रम मागे पडतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

तास न वाढवता काय मागावं? आहे त्या ५० मिनिटांत काय ठेवावं? आणि फरक पडला हे कशावरून ठरवावं? ग्रंथालयात या कामाला दोनच माणसं आहेत, ते धरून सांगा.

तळटीप

तास मागूच नका, असाइनमेंटचा मजकूर मागा. 'किमान ८ संदर्भ' ही अटच मुळावर येते. आकडा भरला की शोध थांबतो, आणि आकडा भरायला पहिलं पान पुरतं.

निबंधाचे १०० गुण असतील तर त्यातले २० वाटेतल्या कामाला ठेवायला सांगा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका वाक्यात प्रश्न (गुण नाहीत, पण दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही). पाचव्यात शोधनोंद, १० गुण. सहाव्यात ४ संदर्भांवर टिपणं, १० गुण. बिनगुणांचं 'ऐच्छिक' काम मुलं करत नाहीत, त्यामुळे या २० गुणांवर तडजोड करू नका.

शोधनोंद म्हणजे ५ ओळींचा तक्ता: कुठे शोधलं, शोधपेटीत टाकलेले शब्द जसेच्या तसे, किती निकाल आले, किती उघडले, पुढच्या वेळी शब्द का बदलले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या ओळीत बहुतेकांनी अख्खा प्रश्नच चिकटवलेला असतो. पाचव्या ओळीपर्यंत तो बदलला नसेल तर कुठे मदत लागणार ते निबंधाच्या पाच आठवडे आधीच कळतं.

आणि ८ च्या जागी असं काही घाला: 'तुमच्या प्रश्नावर एकमेकांशी न जुळणारे निष्कर्ष काढणारे दोन मूळ शोधनिबंध घ्या. फरक कशामुळे पडला, नमुना, पद्धत की मात्रा, ते २०० शब्दांत लिहा.' नुसता सारांश वाचून हे लिहिता येत नाही.

पेशीभित्तिका

प्राध्यापकांच्या बाजूने सांगते. भेटीत 'माहिती साक्षरता' या शब्दाने सुरुवात करू नका. तो तुमच्या शास्त्रातला शब्द आहे, ऐकणाऱ्याला वाटतं वरून आणखी एक काम आलं. त्याऐवजी विचारा, 'निबंधात मुलं नेमकी कुठे अडतात?' इंडियाना विद्यापीठात जोन मिडेनडॉर्फ आणि डेव्हिड पेस यांनी 'डिकोडिंग द डिसिप्लिन्स' ही जी पद्धत घडवली (२००४ मध्ये ती पुस्तकरूपाने आली), तिची सुरुवातच या अडण्याच्या जागेपासून होते. मग त्याच जागी तज्ज्ञ काय करतो ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

मॅडमना एक अनोळखी शोधनिबंध द्या आणि तो कसा वाचतात ते मोठ्याने बोलायला सांगा. त्या बहुधा शीर्षक, सारांश आणि मग थेट आकृत्यांकडे जातील, तिथून पद्धतीकडे. प्रस्तावना शेवटी, नाहीतर नाहीच. मुलं पहिल्या ओळीपासून सुरू करतात आणि दुसऱ्या पानावर दमतात. हा फरक मॅडमना स्वतःला जाणवत नसतो, कारण त्यांच्या तो हाडीमासी खिळलेला असतो. तुमच्या तासाला हाच मजकूर लागतो, आणि तो फक्त त्यांच्याकडेच आहे.

भेट ३० मिनिटांची ठेवा, सत्राचा आराखडा मुलांच्या हाती पडायच्या किमान ४ आठवडे आधी. सोबत मागच्या वर्षीचे ५ निबंध न्या, नावं काढून, प्रत्येक संदर्भ तपासून खुणा केलेले. बाकी काही समजवावं लागत नाही.

संदर्भकक्ष

५० मिनिटांबद्दल. आधी तो तास चौथ्या आठवड्यात ढकला. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल कुलथाऊ यांच्या माहितीशोधाच्या प्रारूपात सहा टप्पे आहेत, त्यातला तिसरा चाचपणीचा. विषय ठरलेला असतो पण नेमका प्रश्न धूसर असतो, आणि गोंधळ तिथेच वाढतो. ग्रंथपालाची गरज तेव्हा असते. विषयच ठरला नसेल तर मुलं ऐकून सोडून देतात.

कॅटलॉगची फेरी आणि संदर्भशैली काढून टाका. संदर्भशैलीला झोटेरो या संदर्भ साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची एक पानी माहितीपत्रिका पुरते. राहिलेल्या वेळात १५ मिनिटं शोधशब्दांना, २५ मिनिटं मुलांच्या स्वतःच्या शोधाला, शेवटची १० एका संदर्भाच्या तपासणीला.

शब्दांना १५ मिनिटं जास्त वाटतील, पण गाडी तिथेच रुतते. प्रश्न 'मधमाश्यांवर कीटकनाशकांचा परिणाम' असेल तर दोन संकल्पना, दोन रकाने. एकात मधमाशी आणि तिचं शास्त्रीय नाव एपिस मेलिफेरा. दुसऱ्यात कीटकनाशक, त्यांचा एक गट नियोनिकोटिनॉइड, आणि त्या गटातलं इमिडाक्लोप्रिड. रकान्याच्या आत 'ऑर' (यातला कुठलाही), दोन रकान्यांमध्ये 'अँड' (दोन्ही हवेत), आणि प्रत्येक रकान्याला कंस. कंस का, तेही सांगा: बऱ्याच डेटाबेसमध्ये 'अँड' आधी सोडवला जातो, पबमेड (जीववैद्यक लेखांचा डेटाबेस) मात्र डावीकडून उजवीकडे जातं. कंस नसले तर तेच शब्द दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ घेतात. अवतरणचिन्हंही जपून वापरा: पबमेडमध्ये शब्द अवतरणात टाकला की मेश या विषयशब्दांशी आपोआप होणारी जुळणी बंद पडते आणि निकाल अचानक घटतात. मुलांना वाटतं या विषयावर काही लिहिलेलंच नाही.

तपासणीत डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून बघायला लावा. रचलेल्या संदर्भाचा डीओआय कधी उघडतच नाही, कधी उघडतो पण भलताच लेख समोर येतो. म्हणून 'उघडला' एवढ्यावर थांबू नका. शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष तिन्ही जुळायला हवेत. डीओआय नसेल तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो खंड आणि पृष्ठांक. मागे घेतलेले लेख झोटेरो लाल पट्टीने दाखवतं, तेही दाखवा.

कीबोर्डवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा ऑनलाइन मोड्यूल आणि १० प्रश्नांची क्विझ नाही का पुरणार?

संदर्भकक्ष

लॉगिन, पूर्ण मजकुराची लिंक, 'अँड-ऑर'चा सराव, एवढ्याला पुरेल, आणि ते तासाआधी जरूर द्या. पण दोन शोधनिबंधांतला कुठला कशासाठी विश्वासार्ह, हे क्विझमधून येत नाही. एसीआरएल या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने माहिती साक्षरतेच्या २००० च्या मानकांच्या जागी २०१६ मध्ये सहा संकल्पनांची चौकट स्वीकारली, ती अशा निवाड्यांना धरूनच आहे. तळटीप यांची 'न जुळणारे दोन निबंध' ही अट त्यातल्या 'विद्वत्ता म्हणजे संवाद' या संकल्पनेत नेमकी बसते. मॅडमना मात्र ही चौकट दाखवायची गरज नाही.

मापदंड

मोजण्याबद्दल. 'तास उपयुक्त वाटला का' हा फॉर्म काही मोजत नाही. मुलांचा आत्मविश्वास आणि त्यांचं कौशल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मागच्या वर्षीचे २० आणि या वर्षीचे २० निबंध घ्या, चिठ्ठ्या टाकून. वर्ष दिसणार नाही असे एकत्र मिसळा. निकष तीनच ठेवा: स्रोत प्रश्नाला साजेसा आहे का, तो मजकुरात खरोखर वापरला आहे का (नुसता यादीत नाही), मूळ लेखात तेच म्हटलं आहे का. प्रत्येकाला १ ते ३ पातळ्या. अमेरिकेतल्या एएसी अँड यू या महाविद्यालय-विद्यापीठांच्या संघटनेचा व्हॅल्यू रुब्रिक (निकष आणि पातळ्यांचा तक्ता) चार पातळ्यांचा आहे, त्यातली वाक्यं उचलून छाटायला हरकत नाही. आधी तुम्ही आणि मॅडम तेच ५ निबंध वेगवेगळे तपासा. जिथे गुण जुळत नाहीत तिथे निकषाची भाषा ढिली आहे, ती घट्ट करा आणि मग पुढे जा. तिसरा निकष वेळखाऊ आहे, तो निबंधामागे दोनच संदर्भांना लावा.

आकडे सुधारले तरी 'ग्रंथालयामुळे' असं लिहू नका. असाइनमेंटही बदललेली असेल. 'नव्या रचनेत' इतकंच म्हणता येईल.

पानखूण

खूप मोलाचं मिळालं. दोन शंका. २० गुण कोणी द्यायचे? आणि ६० तक्ते अधिक २४० टिपणं दोघांनी कशी वाचायची?

तळटीप

गुण मॅडमनीच द्यायचे, तुम्ही शेरा द्यायचा. तक्त्याला ३ मिनिटं धरली तर ६० चे ३ तास, दोघांत दीडदीड. सगळी टिपणं वाचू नका. विद्यार्थ्याने स्वतः निवडलेलं एकच वाचा, ४ मिनिटांप्रमाणे ४ तास होतात. शेरे आठवड्याच्या आत परत गेले नाहीत तर त्यांचा निबंधाला उपयोग नाही. मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर 'नॉन-एडिटिंग टीचर' ही भूमिका मागा. शेरा देता येतो, अभ्यासक्रमात फेरफार करता येत नाही, त्यामुळे मॅडमनाही निर्धास्त वाटेल.

पेशीभित्तिका

एक दुरुस्ती. सहाव्या-सातव्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी मध्यसत्र परीक्षा असते. मॅडमना आधी ती तारीख विचारा आणि टिपणं तिच्यानंतर लगेच ठेवा, पण निबंधाच्या आधी पूर्ण दोन आठवडे उरले पाहिजेत. तेवढे उरत नसतील तर टिपणं ४ ऐवजी २ करा. शोधनोंद मात्र आहे तिथेच राहू द्या.