परिया कॅन्यन, उन्हाळी ट्रेक: तारखा, पाणी, मुक्काम

मंडळी, सप्रेम नमस्कार.

उन्हाळी ट्रेकसाठी बहुतेकांचा कौल परिया कॅन्यनला आहे. अमेरिकेत, युटामधल्या व्हाइट हाउस या ट्रेक सुरू होतो त्या जागेपासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत ३८ मैल, प्रवाहाबरोबर खाली उतरत. शाळांच्या सुट्ट्या बघता जुलैचा शेवटचा आठवडा आणि दोन मुक्काम सुचवतो. आतापर्यंत १२ नावं आली आहेत. सगळी वाट नदीतूनच असल्यामुळे प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि सगळ्यांत मिळून एक फिल्टर पुरेल असं वाटतं. सूचना कळवाव्यात.

*

नमस्कार दादा,

जागा उत्तम निवडली आहे, पण जुलै नको. जुलै ते सप्टेंबर हा तिथला वळिवाचा काळ. परिया नदीचं पाणी ब्राइस कॅन्यनच्या बाजूने येतं. तिथे दुपारी ढग फुटला की काही तासांनी लोंढा खालच्या नाळेत शिरतो, आणि तेव्हा आपल्या डोक्यावर निळं आभाळ असू शकतं. चौथ्या मैलापासून पुढचे चार-पाच मैल भिंती इतक्या जवळ येतात की वर चढायला जागाच सापडत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच भागातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये लोंढ्यात ११ जण दगावले, तेही असंच दूरवर पडलेल्या पावसामुळे.

म्हणून मेअखेर ते जूनचा मध्य धरा. ऊन तेव्हाही कडक असतं, पण उन्हाचं नियोजन करता येतं. निघायच्या आदल्या दिवशी पेज या जवळच्या गावाचा हवामान अंदाज बघून समाधान मानू नका. ब्राइस आणि ट्रॉपिक या वरच्या गावांचा बघा. तिथे वादळाची शक्यता दिसली तर निघायचं नाही, परमिट वाया गेलं तरी चालेल.

मुक्कामी परमिट सक्तीचं आहे. एका गटात जास्तीत जास्त १० जण, आणि रोज मुक्कामासाठी फक्त २० जणांना प्रवेश. तेव्हा १२ नावांचे दोन गट करावे लागतील. शेकोटीला बंदी आहे, शौचाच्या पिशव्याही भरून परत आणायच्या. बकस्किन गल्च या परियाला येऊन मिळणाऱ्या अरुंद घळीतून शिरायचा मोह टाळा. तिथल्या डबक्यांचं पाणी जूनमध्येही गारठवणारं असतं आणि सॅक डोक्यावर धरून जावं लागू शकतं.

*

ताईंच्या तारखांना अनुमोदन. मी फक्त पाण्याबद्दल लिहितो, कारण योजनेतली सगळ्यात कच्ची बाजू तीच आहे.

नदीचं पाणी म्हणजे पातळ चिखल. थेट फिल्टरला लावलं तर लिटरभरातच धार तुटते, आणि एकच फिल्टर असेल तर दहा जण अडकतात. शिवाय वरच्या अंगाला शेती आणि गुरं आहेत. विरघळलेली रसायनं आपल्या फिल्टरने निघत नाहीत. त्यामुळे झऱ्यांवरच भिस्त ठेवायची: साधारण १२व्या मैलाला बिग स्प्रिंग, २२व्याला शॉवर स्प्रिंग, आणि २५व्याच्या आसपास शेवटचा भरवशाचा झरा. झऱ्याचंही पाणी गाळूनच प्यायचं.

मुक्काम झऱ्यांवरून ठरतात, म्हणून ते दोन नाहीत, तीन. पहिल्या दिवशी बिग स्प्रिंग, दुसऱ्या दिवशी शॉवर स्प्रिंग, तिसरा तिसाव्या मैलाजवळ. पहिल्या दिवशी गाडीतूनच प्रत्येकी पाच लिटर घेऊन पहाटे निघा, म्हणजे अरुंद भाग दुपारच्या आत मागे पडतो. शेवटच्या झऱ्यावर प्रत्येकी सात-आठ लिटर भरा. पुढचे १३ मैल दरी रुंदावत जाते, सावली संपते, आणि रात्रीचा स्वयंपाकही त्याच पाण्यात करायचा आहे. सात लिटर म्हणजे सात किलो, तेव्हा सॅक आधीपासून हलकी ठेवा.

नदीचं पाणी घ्यावंच लागलं तर तुरटी वापरा. घडीच्या बादलीत १० लिटर पाणी, पाव चमचा तुरटीची पूड, पाच मिनिटं हळूहळू ढवळायचं आणि तासभर हात लावायचा नाही. गाळ तळाशी बसला की वरचं नितळ पाणी अलगद काढून मग फिल्टर करा. बादली हलवली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुरटीने जंतू मरत नाहीत, फक्त फिल्टर वाचतो. फिल्टर दोन घ्या, आणि उलट धुवायची सिरिंज विसरू नका.

नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं, रक्तातलं सोडियम उतरतं. लघवी अगदी पाण्यासारखी होत असताना मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली तर आणखी पाणी देऊ नका. थांबवा, सावलीत बसवा, खारं काही खायला द्या. ओआरएसची माणशी रोज दोन पाकिटं, एक पाकीट एका लिटरला.

*

पायात काय घालावं? चामड्याचे बूट चालतील का?

*

चामड्याचे नकोत, दिवसभर भिजून जड होतात आणि वाळत नाहीत. जाळीचे, पाणी निथळणारे बूट आणि लोकरीचे मोजे. वाळू मोज्यात शिरून टाचा सोलते, म्हणून दर दोन तासांनी बूट काढून पाय धुवा. काठी हवीच: गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि वळणांवर रुतण वाळू असते. रुतलात तर पाय जोरात उपसू नका. सॅक काढा, मागे रेला, पाय हलवत हलवत वाळू सैल करा.

तंबूची जागा निवडताना भिंतीच्या फटीत अडकलेल्या काटक्या बघा. मागच्या लोंढ्याची ती रेघ. तंबू तिच्या बऱ्याच वर. पाणी एकदम दाट झालं, त्यात काड्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून चढायचं.

*

गाड्यांचं: एक गाडी आधी लीज फेरीला ठेवावी लागेल, दोन टोकांमध्ये रस्त्याने दीड-दोन तास लागतात. उन्हाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ युटाच्या एक तास मागे असतं, तेव्हा शटलवाल्याला वेळ सांगताना राज्याचं नावही सांगा. दरीत फोन लागत नाही. प्रत्येक गटात एक उपग्रह मेसेंजर, आणि घरी एका माणसाकडे मुक्कामांची यादी व 'या वेळेपर्यंत निरोप नाही आला तर कळवा' अशी ठरलेली वेळ. दोन्ही गटांची नावं रविवारपर्यंत पाठवा, परमिटचा अर्ज सोमवारी भरतो.