चेटकिणीची पुस्तकं: तुम्हाला कुठली भेटली, कशी निवडलीत?

मृण्मयी_नाशिक
परवा रविवारी लेकीला घेऊन अलबत्या गलबत्या बघायला गेले होते. नाटकभर खदाखदा हसली आणि रिक्षात बसल्यावर एकदम म्हणाली, "आई, चिंची चेटकीण व्हायच्या आधी कोण होती?" मला उत्तरच देता येईना. रात्रभर मग आजोळची टोकाच्या घरातली मावशी डोळ्यांसमोर.

सिन्नरकडे आजोळ. गाव संपतं तिथे बाभळीच्या पलीकडे तिचं घर. दोन पोरं गेली, मग नवरा गेला, आणि बाई चेटकीण झाली. आजी मला ताकाची कासंडी देऊन मळ्यात मामाकडे पाठवायची तेव्हा बजावायची, तिच्या दारावरून जाताना झाकून ने. एकदा नेमकी तिच्याच दारासमोर सायकलवरून पडले, गुडघा फुटला. ती बाहेर आली, बोलली काहीच नाही, पाणी ओतलं, हळद दाबली आणि स्वतःच्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून बांधला. निळा काठ होता. घरी आल्यावर आजीने ती पट्टी सोडली आणि चुलीत टाकली. करपलेल्या हळदीचा वास अजून नाकात आहे.

तर आता लेकीला (सहावीत आहे) चेटकिणींच्या कादंबऱ्या वाचायच्यात आणि मलाही. पण नुसतं वाकडं नाक, झाडू आणि "खाऊन टाकीन" असलं नको. तुम्ही काय वाचलंत, कसं निवडलंत, कुठे फसलात, सगळं लिहा. नुसती यादी नको, अनुभव हवेत.

गिरगावकर
चिंची चेटकीण!! माझ्या बाबांनी प्रभावळकरांची बघितली, मी माझ्या पोराला वैभव मांगलेंची दाखवली. मतकरींनी काय लिहून ठेवलंय, इतकी वर्षं झाली तरी पोरं तशीच किंचाळतात. मध्यंतरात बटाटेवडा खाल्लात की नाही?

मृण्मयी_नाशिक
खाल्ला ना, दोन दोन.

श्रुती ८४
रोआल्ड डालचं द विचेस, १९८३ चं. लेकाला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवायचे तेव्हा तो आठ वर्षांचा होता. चेटकिणी टकल्या असतात, हातमोजे घालतात, पायाला बोटं नसतात, हे ऐकून पठ्ठ्या आठवडाभर बसमधल्या बायकांचे हात बघत होता. पण पहिल्याच पानांवर येतं की चेटकीण नेहमी बाईच असते, तिथे मी थांबले. त्याला म्हटलं हे गोष्टीतलं आहे, खऱ्यात असं म्हणून पुष्कळ बायकांचे हाल झालेत. शेवटाला मात्र मीच रडले. मुलगा उंदीरच राहतो, परत माणूस होत नाही, आणि आजीला विचारतो मी किती वर्षं जगेन. ती म्हणते नऊएक वर्षं. तो खूश होतो, कारण आजीही तेवढीच जगणार. माझी सासू शेजारीच वाती वळत बसली होती, तिने वात खाली ठेवली आणि नातवाला जवळ ओढलं. मृण्मयी, हे नक्की घे पण सोबत बसून वाच.

प्राजक्ता_ठाणे
मी फसले ते विकेडला. सिनेमा बघून आलो, लेक त्यातल्या हिरव्या चेटकिणीच्या, एल्फाबाच्या प्रेमात, म्हणून लगेच ग्रेगरी मॅग्वायरची मूळ कादंबरी मागवली. ती १९९५ ची आहे आणि मोठ्यांसाठीची आहे!! दहा वर्षांच्या मुलीला देण्यासारखी अजिबात नाही. नशिबाने मी आधी चाळली. मग मीच वाचली, आणि फार आवडली, राजकारण आहे, बोलणाऱ्या प्राण्यांवरचे अन्याय आहेत, आणि 'दुष्ट' हा शिक्का कोण मारतं ते आहे. एल्फाबा हे नाव विझार्ड ऑफ ओझ या जुन्या गोष्टीचा लेखक एल. फ्रँक बॉम याच्या आद्याक्षरांवरून केलंय हे कळल्यावर लेक स्वतःच्या नावाची आद्याक्षरं जोडत बसली. पुस्तक सध्या माळ्यावर, ती सोळाची होईपर्यंत.

अश्विनी देशावर
मी मँचेस्टरजवळ राहते, इथून पेंडल हिल लांब नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काही माहीत नव्हतं, नवरा म्हणाला टेकडी चढू आणि मी डब्यात मेथीचे ठेपले घेऊन निघाले. खाली दुकानात सगळीकडे झाडूवरच्या बायका, चुंबकं, कॉफीचे मग. पोरांना मजा. तिथेच स्टेसी हॉल्सची द फॅमिलिअर्स घेतली, २०१९ ची, कव्हर सुंदर होतं एवढ्यावरच. सतरा वर्षांची गरोदर जमीनदारीण आणि तिची सुईण. आधीची बाळंतपणं फसलेली, आता जिच्यावर भरवसा टाकला ती सुईणच चेटकीण म्हणून धरली जातेय. मी स्वतः तेव्हा सातव्या महिन्यात, रात्री दोन दोनला वाचायचे.

मग खरा इतिहास शोधला. १६१२ साल. अलिझन डिव्हाइस नावाच्या मुलीने रस्त्यात एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत, तिने शिव्या घातल्या, थोड्या वेळाने तो कोसळला. आज आपण म्हणू अर्धांगाचा झटका. तेवढ्यावरून घरच्या घर धरलं. तिची नऊएक वर्षांची बहीण जेनेट, तिला कोर्टात टेबलावर उभं केलं आणि तिने स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष दिली. २० ऑगस्टला लँकेस्टरला दहा जणांना फाशी. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी काही विकत घेतलं नाही त्या दुकानातून.

निशिगंध
२० ऑगस्ट वाचून अंगावर काटा आला गं. पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या ती तारीख, २०१३ ची. मी तेव्हा शनिवार पेठेत राहायचे, ओंकारेश्वरचा पूल रोजचा. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला.

अश्विनी देशावर
हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं.

बोरूबहाद्दर
नारायण धारपांची चेटकीण कोणाकडे आहे का? चौदाव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वाचली, त्यानंतर आठ दिवस परसात एकटा गेलो नाही, बहिणीला कंदील धरून उभं करायचो. वाचनालयाची प्रत होती, कोपरे दुमडलेले, मागच्या पानावर पेन्सिलीने कोणीतरी लिहिलेलं "रात्री वाचू नये". तसल्या प्रतीची सर नवीन प्रतीला नाही.

गिरगावकर
नवीन आवृत्ती मिळते राव, मी बघितलीये दुकानात. पण तुमचं खरंय, वाचनालयातल्या पुस्तकाला वेगळाच वास असतो.

बोरूबहाद्दर
आमच्या वाचनालयाचं डिपॉझिट वाढवलंय आता, तरी सभासदत्व सोडलं नाही.

सुनंदा मॅडम
मी निवृत्त शिक्षिका. नोकरीची अकरा वर्षं नंदुरबारकडे, सातपुड्यात धडगाव भागात काढली. तिथे हा शब्द पुस्तकातला नाही. डाकीण म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई डाकीण ठरली. पाड्यावर लहान मूल तापाने गेलं, भगताने दाणे टाकले आणि हिचं नाव निघालं. मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती पाटी पोटाशी धरून, मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली, सगळ्या वर्गाने बघावं म्हणून. त्यापलीकडे फार काही करू शकले नाही, त्या कुटुंबाने पाडा सोडला.

त्यामुळे भीतीसाठी लिहिलेल्या चेटकिणींकडे माझा हात वळत नाही. मी पुस्तक उचललं की दोन-चार पानं मधली वाचते आणि बघते, बोलतंय कोण? जिला चेटकीण म्हटलं ती बोलतेय, की तिला दगड मारणारे? महाश्वेतादेवींची बायेन ही कथाच आहे, कादंबरी नव्हे, पण मृण्मयी तू ती वाच. चंडीदासी मेलेली मुलं पुरायचं काम करते, तिलाच गाव बायेन ठरवतं आणि स्वतःच्या मुलाकडेही तिने बघायचं नाही. बिहारने १९९९ मध्ये कायदा केला, झारखंडने २००१ मध्ये, आपण २०१३ मध्ये. ती मुलगी आता कुठे असेल, रोज नाही पण बरेचदा मनात येतं.

मृण्मयी_नाशिक
मॅडम, दोनदा वाचलं. भाकरीचं वाचून डोळे भरले.

श्रुती ८४
मॅडम नमस्कार तुम्हाला.

रानजाई
सुनंदा मॅडम म्हणतात तसं, बोलतंय कोण, यावर मला मरीज काँदेची टिटुबा आठवली. मूळ फ्रेंच, १९८६ ची, इंग्रजी भाषांतर १९९२ मध्ये आलं. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ ला चेटकिणींच्या ज्या खटल्यांनी हाहाकार केला त्यात सुरुवातीलाच पकडलेल्यांपैकी ही गुलाम बाई. मला शाळेपासून वाटायचं की तिथे बायकांना जाळलं. जाळलं कोणालाच नाही, एकोणीस जणांना फाशी दिली, त्यात पाच पुरुष, आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. टिटुबाचा जीव वाचला कारण तिने कबुली दिली, पण तुरुंगाचा खर्च भरायला कोणी नाही म्हणून वर्षाहून जास्त आत सडली. खटल्यानंतर तिचं काय झालं ते कागदावर सापडत नाही, काँदे तिला बालपण देते, बार्बाडोसची झाडं-मुळ्या शिकवणारी म्हातारी देते, परत जायला घर देते. दुपारी भांडी घासायची राहिली होती माझी, संपवूनच उठले. मोठ्यांसाठीच बरं का, हिंसा आहे, बाकीचंही आहे.

केदार_यंत्र
मी कादंबरीवाला नाही. केप्लर हे नाव पाठीमागच्या मजकुरात दिसलं म्हणून पुस्तक घेतलं. रिव्का गॅल्चेन, २०२१. नाव मोठं आहे, अर्थ असा की तुझी आई चेटकीण आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रह लंबवर्तुळात फिरतात सांगणाऱ्या केप्लरची आई, कॅथरिना, म्हातारी विधवा, जडीबुटीची औषधं देणारी. १६१५ मध्ये काचकाम करणाऱ्याच्या बायकोने आरोप केला की हिने कडू काढा पाजला आणि मी आजारी पडले. खटला चालला सहा वर्षं, शेवटचे चौदा महिने कैदेत. केप्लर हातातलं काम सोडून आला आणि बचाव त्याने स्वतः तयार केला. १६२१ ला सुटली, पुढच्या वर्षी गेली. कॉलेजात त्याचे तीन नियम घोकले, आईबद्दल एक ओळ नव्हती. माझी आई पण सर्दी-खोकल्याला सगळ्या सोसायटीला काढा देते, पुस्तक संपल्यावर तिला फोन केला, उगाच.

रानजाई
उगाच कसला, बरं केलंत.

ओस्लोची_माई
नॉर्वेत उत्तरेला वार्डोला जाऊन आलो आम्ही, द मर्सीज वाचल्यानंतर (किरण मिलवुड हारग्रेव्ह, २०२०). १६१७ च्या वादळात बेटावरचे चाळीस पुरुष समुद्रात जातात आणि मागे राहिलेल्या बायका स्वतः होड्या वल्हवतात, तेच पुढे त्यांच्यावर उलटतं. तिथे आता स्मारक आहे, लांबच लांब अंधारा बोळ, ९१ खिडक्या आणि प्रत्येकीत एक दिवा, चेटकाच्या आरोपावरून मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक. वारा इतका की भिंतीचं कापड आतपर्यंत हलत होतं. मी मनातल्या मनात मोजत गेले, साठच्या पुढे मोजवेना.

तन्वीची आई
लहानांसाठी किकीज डिलिव्हरी सर्व्हिस!! एको कादोनो, जपानी, १९८५ चं. तेरा वर्षांची झाली की छोटी चेटकीण घर सोडून दुसऱ्या गावात वर्षभर राहते, ही झाडूवरून लोकांचं सामान पोचवते, सोबत जिजी नावाची काळी मांजर. भीती शून्य. माझी होस्टेलला जाणार होती तेव्हा दिलं होतं. घाईत आहे, कुकर

चारुलता_एकटी
मी ४९, लग्न केलं नाही, दोन भाच्यांची आत्या. भावाच्या घरात माझी एक खोली आहे आणि माझ्या वेळेवर सगळ्यांचा हक्क आहे. लॉली विलोज हातात आली ती पातळ होती म्हणून. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरची पहिली कादंबरी, १९२६. लॉरा नावाची बाई वीस वर्षं भावाकडे 'लॉली आत्या' होऊन राहते, सगळ्यांची मोजे-शिवणं करते, आणि एक दिवस म्हणते मी खेड्यात एकटी राहायला जाणार. पुढे ती चेटकीण होते, मांजराचं पिल्लू येतं, आणि सैतान भेटतो तो चक्क साध्या शिकाऱ्या-माळ्याच्या वेषात, धाकदपटशा काही नाही. चेटूक मिळालं तर ती कोणाचं वाईट करायला मागत नाही, तिला स्वतःचं आयुष्य हवंय. हे वाक्य मी लिहितेय आणि हात थांबतोय. मागच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा एकटी दापोलीला गेले, चार दिवस. वहिनी म्हणाली मुलांच्या परीक्षा नाहीत ना मग जा. परीक्षा असत्या तरी गेले असते.

श्रुती ८४
चारुताई, पुढच्या वेळी आंबोली. मी येऊ का सोबत? की एकटीच हवंय, तसंही चालेल.

चारुलता_एकटी
एकदा ये. एकदा एकटी.

हर्षद_वाचतो
मृण्मयीताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला टेरी प्रॅचेटच्या द वी फ्री मेनमध्ये सापडलं, २००३ ची आहे. टिफनी नऊ वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली, हातात तवा. तिच्या गावात मिसेस स्नॅपर्ली नावाची म्हातारी असते, दात नाहीत, एकटी, मांजर पाळलेलं. उमरावाचा मुलगा हरवतो आणि गाव तिच्यावर उठतं, की हिने भाजून खाल्ला. टिफनी जाऊन तिची भट्टी बघते. एवढीशी भट्टी, त्यात मुलगा मावणारच नाही. पण मोठ्यांपैकी कोणी बघायलाच गेलेलं नसतं. म्हातारीचं घर जातं आणि ती थंडीत मरते. आणि म्हणून टिफनी ठरवते, मी चेटकीण होणार, असं परत होऊ नये म्हणून. इंग्रजी जरा अवघड आहे, निळ्या बुटक्यांची बोली स्कॉटिश ढंगाची आहे, मोठ्याने वाचलं की कळतं. सहावीला सोबत वाचा. भट्टीचं पान आलं की मुलगी काय म्हणते ते इथे कळवा, मला खरंच ऐकायचंय.

तन्वीची आई
कुकर झाला. हर्षद, हे मी पण घेणार.

मृण्मयी_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. किकी आणि टिफनी मागवलीत, माझ्यासाठी लॉली आणि टिटुबा. बायेन आजच शोधते मॅडम.

काल लेकीला टोकाच्या घरातल्या मावशीबद्दल सांगितलं, पट्टीसकट. ती गप्प झाली, मग म्हणाली, तिचं नाव काय होतं? मला माहीत नव्हतं. आईला फोन केला. आईलाही नाही. आईने मामाला विचारलं, मामाने गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला, आणि रात्री साडेनऊला मामाचा फोन आला. नाव होतं यमुना. घर पडलं म्हणे, जातं मात्र तिथेच आहे. मे महिन्यात जाणार आहोत आम्ही दोघी.

गिरगावकर
जातं जड असतं, गाडी घेऊन जा.

बोरूबहाद्दर
आणि बायेन वाचनालयात शोधणार असाल तर आधी वार विचारा, आमचं सोमवारी बंद असतं.