जोडीदारापाठोपाठ परदेशी जाऊन आरोग्यसेवेचे शिक्षण : आपले अनुभव लिहावेत

धंतोली, नागपूर

माझे लग्न गेल्या डिसेंबरात झाले असून पती जर्मनीत नोकरी करतात. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी येथील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षे काम केले आहे आणि तिकडे जाऊन नर्सिंग शिकण्याचे माझ्या मनात आहे. घरचे म्हणतात, आधी व्हिसा होऊ दे, शिक्षणाचे तिकडे गेल्यावर पाहता येईल. हे कितपत बरोबर आहे, ते या वाटेने गेलेल्यांकडून मला जाणून घ्यायचे आहे. निघण्यापूर्वी काय करायचे राहून गेले आणि त्यापायी किती वेळ गेला, हे कृपया सविस्तर लिहावे.

श्टुटगार्ट

‘तिकडे गेल्यावर पाहू’ हे वाक्य मीही घरी ऐकले होते. पतींकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, असल्याने व्हिसासाठी माझ्याकडे जर्मन भाषेचे प्रमाणपत्र मागितले गेले नाही, आणि अटच नाही तर घाई कशाला, असे समजून मी २०२१ साली एकही धडा न शिकता इथे आले. नर्सिंगची शाळा मात्र जर्मन भाषेच्या बी-२ (मध्यम-वरच्या) पातळीशिवाय अर्ज हातात घेईना, आणि शून्यापासून तिथवर पोचायला मला दीड वर्ष लागले. इथे या शिक्षणाला आउसबिल्डुंग म्हणतात. ते तीन वर्षांचे असते. त्यात किमान २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ घालवावे लागतात. शिकतानाच दरमहा विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरखर्चाला माझाही हातभार लागतो, आणि याचे मला फार समाधान आहे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे भाषा आली, असे मात्र नाही. पहिल्याच महिन्यात सकाळच्या पाळीत एक आजी पलंगाच्या कडेला बसून ‘मिअर इस्ट श्विंडलिश’ म्हणाल्या. चक्कर येते आहे, असे त्या सांगत होत्या. तो शब्द मला उमगेपर्यंत त्या उठू लागल्या होत्या आणि शेजारच्या सिस्टरने धावत येऊन त्यांना सावरले. त्या दिवसापासून चक्कर, मळमळ, जळजळ, लघवी यांसाठी म्हातारी माणसे रोजच्या बोलण्यात कोणते शब्द वापरतात, ते मी एका वेगळ्या वहीत लिहीत आले आहे.

ताई, आणखी एक काम नागपुरातच उरकून घ्या. २०२० पासून इथे रुग्णालयात काम करणाऱ्या आणि १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवरच्या दोन डोसांचा किंवा शरीरातील प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचे लसीकरण कार्ड शोधून ठेवा.

न्यू जर्सी

मी नागपुरात फिजिओथेरपीची साडेचार वर्षांची पदवी घेतली आणि एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, इथे आले. या व्हिसावर शिकता येते, पण पगारी काम करता येत नाही. कामाच्या परवानगीसाठी माझ्यासारखीला पतीच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतील आय-१४० हा कंपनीने भरलेला अर्ज मंजूर होण्याची वाट पाहावी लागते. भारतातील पदवीचे आधी मूल्यमापन होते, त्यात कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात आणि मग परवान्याची परीक्षा असते.

त्या मूल्यमापनासाठी प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह हवा होता आणि मी तो आणलाच नव्हता. माझे ६७ वर्षांचे बाबा भर मे महिन्यात पाच वेळा कॉलेजात गेले. कधी लिपिक रजेवर, कधी शिक्का कुलपात. शेवटी काम झाले तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला ते सगळे दाखवले. डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला, समोर दोनशेच्या वर पाने, आणि एकही पान शिक्क्याविना राहू नये म्हणून बोटाला पाणी लावून ते एकेक पान उलटत होते. अजूनही ते आठवले की जीव तुटतो. निघण्यापूर्वी माझ्या हातून ते एका सकाळचे काम झाले असते.

ब्रॅम्प्टन, कॅनडा

माझ्या ओपन वर्क परमिटवर, म्हणजे कोणत्याही मालकाकडे नोकरी करू देणाऱ्या परवान्यावर, आरोग्यसेवेत काम करण्यास मनाई असल्याची ओळ छापलेली होती, कारण मी कॅनडा सरकारने नेमलेल्या (पॅनेलवरील) डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घेतली नव्हती. ती नंतर केली, परमिट बदलून घेतले, आणि त्यात हिवाळा गेला. २०२५ च्या जानेवारीपासून जोडीदारासाठीच्या या परमिटच्या अटीही कडक झाल्या आहेत, तेव्हा जुन्या अनुभवांवर विसंबू नये.

लीड्स, इंग्लंड

माझी पत्नी नर्स आहे आणि मी तिच्या व्हिसावर आलो. नागपुरातील महाल भागातल्या आमच्या घरी हे अनेकांना रुचले नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इथे हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम करू लागलो आणि रुग्णाला कूस बदलून देताना, भरवताना मला जाणवले की मला हेच करायचे आहे. नर्सिंगच्या पदवीसाठी आधी एक वर्षाचा ॲक्सेस डिप्लोमा करतो आहे. डिपेंडंट म्हणून प्रवेश मिळू शकतो, परंतु फी परदेशी विद्यार्थ्याची पडते, आणि हा हिशेब आम्ही नागपुरात असताना मांडलाच नव्हता. सध्या पत्नी जादा पाळ्या करते. रात्री जेवणानंतर ती मला औषधांच्या मात्रांची गणिते घालते.

धंतोली, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. आईने गोदरेजच्या कपाटातून माझे लसीकरण कार्ड काढून दिले. माझा जन्म १९९७ चा. त्या काळी सरकारी वेळापत्रकात गोवरचा एकच डोस असे, आणि कार्डावरही नवव्या महिन्याची ती एकच नोंद आहे. प्रतिकारशक्तीच्या तपासणीसाठी आज माझ्याच लॅबमध्ये रक्त दिले. जर्मनचा ऑनलाइन वर्ग सोमवारपासून सुरू होतो आहे. व्हिसाची तारीख अजून मिळालेली नाही.