प्रतिसाद: कार्डाच्या आधी दवाखाना

सरकारने सगळ्यांना आरोग्य विमा कार्ड दिलं की उपचारांचा प्रश्न सुटेल, असं या चर्चेत वर म्हटलंय आणि दाखला थायलंडचा दिलाय. दाखला चांगला आहे, पण अर्धाच.

थायलंडची ३० बाहतची योजना, म्हणजे दर भेटीला फक्त ३० बाहत (तिथलं चलन) भरून उपचार देणारी सरकारी योजना, २००१ साली सुरू झाली आणि २००२ मध्ये देशभर पोचली. त्यामागची तयारी मात्र कित्येक वर्षांची होती. १९८२ ते १९८६ या काळातल्या पंचवार्षिक योजनेत त्यांनी शहरी रुग्णालयांची नवी गुंतवणूक थांबवली आणि तो पैसा तालुक्याची रुग्णालयं व गावोगावची आरोग्य केंद्रं उभारण्याकडे वळवला. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना हे कसं पचलं असेल, विचार करा! नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची होतीच. योजनेचे शिल्पकार डॉ. संगुआन नित्यारम्फोंग स्वतः सीसाकेतसारख्या गरीब प्रांतातल्या छोट्या रुग्णालयात राबलेले होते.

म्हणून कार्ड हातात पडलं तेव्हा ते दाखवायला जवळ दवाखाना होता, आत डॉक्टर होता. दवाखान्याला सरकारकडून पैसेही दर आजारामागे नाही, तर बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदवलेल्या माणशी ठरावीक मिळत. त्यामुळे उगाच तपासण्या वाढवण्यात कुणाचा फायदा नव्हता. आपल्या चर्चेत या भागावर कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.